बोट राहिली बाजूला, आधी गाडी कुठे लावू ते सांगा

मुंबईत बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावरून क्रूझ सुटते म्हणजे एकदम सोप्पं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा पुण्याहून स्वतःची गाडी घेऊन यावंच. 21.8 किलोमीटरचा अटल सेतू टोल भरून झोकात पार केला, शिवडीला उतरलो, आता गाडी तीन रात्री ठेवायची कुठे? धक्क्याजवळच फोर्टात पे अँड पार्कवाला तासाची पावती फाडतो आणि रात्रीचं विचारलं की म्हणतो, "साहेब, तुमच्या रिस्कवर." मग ग्रुपवर दर वेळचं दळण सुरू, ठाण्याला मावशीकडे लावू, म्हणजे तिथून आजी, पोरं आणि सगळ्या बॅगा घेऊन परत कॅबने साउथ मुंबई! नागपूरचे काका विमानाने येणार, त्यांना हॉटेल अंधेरीत हवं, एअरपोर्टजवळ म्हणून. अहो काका, बोट अंधेरीहून सुटत नाही हो! फोर्टातलं भाडं सांगितलं की मात्र सगळे गप्प. बरं, हॉटेलवाला सकाळीच रूम खाली करायला लावतो, बोर्डिंग दुपारी, मधे बॅगांवर बसून राहा फुटपाथवर. सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन पकडा, साडेदहाच्या आत सीएसएमटी, तिथून टॅक्सी, विषय संपला. पण नाही, यांना गाडीच पाहिजे!