दम धरणारा माणूस

रीलमध्ये पडका किल्ला, वाळवंट किंवा एकटाच चालत निघालेला म्हातारा दिसला की मागे कुणीतरी हुंदका आवरत असल्यासारखं एक वाद्य सुरू होतं. ते बहुतेक वेळा आर्मेनियाचं दुदुक असतं. (नाहीतर कीबोर्डमधलं नकली दुदुक. ते लगेच ओळखू येतं, त्याला धापच लागत नाही.) २००० साली 'ग्लॅडिएटर'च्या संगीतात जीवान गास्पारियान यांचं दुदुक वाजलं आणि त्यानंतर तर सिनेमावाल्यांना दुःखाचा तयार मसालाच सापडला.

गास्पारियानबुवांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. माणूस थोर होता, २०२१ मध्ये ९२ वर्षांचा होऊन गेला. तक्रार आपल्या ऐकण्याबद्दल आहे. दुदुक म्हणजे रडणं, हे आपण कुणालाही न विचारता ठरवून टाकलंय. तिकडे ते मयतीला वाजतं तसंच लग्नातही वाजतं.

वाद्य दिसायला अगदी साधं. जर्दाळूच्या लाकडाची नळी, तिला भोकं, आणि तोंडाशी बोरूची चपटी, रुंद, चांगली बोटाएवढी लांब पत्ती. आर्मेनियन भाषेत त्याला 'त्सिरानापोख' म्हणतात, त्यातलं 'त्सिरान' म्हणजे जर्दाळू. आवाका जेमतेम एका सप्तकाचा. पण भोक अर्धवट झाकून आणि ओठांचा दाब कमीजास्त करून वाजवणारा त्यातून गळ्यासारखी मींड काढतो.

मात्र दुदुक परंपरेने एकट्याने वाजवत नाहीत. शेजारी दुसरं दुदुक लागतं. तो वादक धून वाजवतच नाही. एकच आधारस्वर धरून बसतो, गाल फुगवून, नाकाने श्वास घेत घेत, मध्ये खंड न पडू देता. त्या स्वराला 'दम' म्हणतात आणि वाजवणाऱ्याला 'दमकश'. शब्द फारसी, अर्थ श्वास. आपण 'जरा दम धर' म्हणतो तो दमही तिथूनच आलेला. तो माणूस शब्दशः दम धरून बसलेला असतो!

लहानपणी आमच्या गावच्या देवळात सनईवाले यायचे. एक वाजवायचा, दुसरा नुसता सूर द्यायचा. याला वाजवता येत नसेल म्हणून बिचाऱ्याला एवढंच काम दिलंय, अशी माझी पक्की समजूत होती. एकदा ते मी मोठ्याने बोललोही. आजोबांनी असा काही डोळा वटारला की विचारू नका. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं चाळिशीत, हेडफोन लावून दुदुक ऐकताना. वरची धून विरहाची असो नाहीतर वरातीची, ती टेकते खालच्या सुरावर. रीलवाले नेमका तोच काढून टाकतात आणि त्या जागी सिंथेसायझरचा ढग सोडतात.

आर्मेनियन संगीतकार कोमितास यांनाही आपण असंच नुसत्या दुःखात बसवलंय. त्यांचं नाव निघालं की गोष्ट थेट २४ एप्रिल १९१५ वर जाते. त्या रात्री कॉन्स्टँटिनोपलमध्ये (म्हणजे आजच्या इस्तंबूलमध्ये) आर्मेनियन विचारवंतांची धरपकड झाली, त्यात हेही होते. सुटून आले, पण मन सावरलं नाही. १९३५ मध्ये पॅरिसजवळच्या मनोरुग्णालयातच वारले. हे सगळं खरं आहे आणि विसरू नयेच. पण त्याआधीचा माणूस? जन्म १८६९, अनाथ पोर. १८८१ मध्ये एचमियाद्झिनच्या धर्मपीठात आणलं तेव्हा त्याला आर्मेनियन बोलताही येत नव्हतं, फक्त गाता येत होतं. पुढे बर्लिनला शिकून आला आणि खेड्यापाड्यांतली हजारो गाणी लिहून काढली. आर्मेनियातल्या लोरी भागातल्या नांगरणीच्या गाण्यावर त्यांनी अख्खा अभ्यास लिहिलाय. त्या गाण्यात बैलांना हाकारेही आहेत! मोटेवरची गाणी ऐकलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

आता कमेंटमध्ये कुणीतरी गायिका गौहर जानचं नाव काढणारच, म्हणून आधीच सांगतो. तिचं कूळ आर्मेनियन होतं, १९०२ मध्ये कलकत्त्यात तिच्या ध्वनिमुद्रिका झाल्या, सगळं मान्य. पण तिचं गाणं शंभर टक्के इथलं. त्यात आर्मेनिया शोधत बसू नका.

ऐकायचंच असेल तर गास्पारियान यांचं दोन दुदुकांचं जुनं ध्वनिमुद्रण शोधा, सिनेमातलं नको. पहिली दोन मिनिटं धुनेकडे लक्षच देऊ नका. खालचा सूर पकडा आणि तो माणूस श्वास नेमका कधी घेतो ते सापडतंय का बघा. मला अजून सापडलेलं नाही.