आपल्या गावावर लिहायचं तर आधी मानशीवर जाऊन बसावं

काही वर्षांपूर्वी मी आमच्या चोडणवर, गोव्यातल्या मांडवी नदीतल्या बेटावर, एक लेख लिहिला. मांडवी, माड, फेरीबोट, संध्याकाळची घंटा, सगळं त्यात होतं. छापून आला, फोन आले. शेजारच्या आबांचं आयुष्य खाजनातल्या, म्हणजे नदीकाठी बांध घालून राखलेल्या सखल जमिनीतल्या शेतीत गेलंय, म्हणून कौतुकाने त्यांना वाचून दाखवला. एका वाक्यावर त्यांनी थांबवलं. मानस म्हणजे खाजनाच्या बांधातली पाण्याची वाट, तिला दारं असतात. मी लिहिलं होतं, 'भरती आली की गावकरी मानशीची दारं लावून घेतात.' आबा म्हणाले, "दार मनीस धांपना रे. उदक धांपता."

दार माणूस लावत नाही, पाणीच लावतं. बेटावर जन्मलो, वाढलो, आणि एवढं मला ठाऊक नव्हतं. ती गोष्ट मनातून जाईना.

मग त्यांच्याबरोबर मानशीवर जाऊन बसलो, ओहोटीपासून पुढच्या भरतीपर्यंत. बांधाच्या तोंडाशी दगडी बांधकाम, त्यात लाकडी दारं. नदी चढायला लागली की बाहेरचं पाणी दारं रेटून चौकटीवर घट्ट बसवतं आणि खारं पाणी शेतात शिरत नाही. नदी उतरली की आतलं पाणी उंच राहतं, तेच दारं ढकलून बाहेर पडतं. दिवसातून दोनदा. उधाणाच्या दिवशी तर ऐकूही येतं: आधी फटींतून पाण्याचा फुत्कार, मग 'धप्प', मग एकदम शांत. भरतीच्या पाण्याहून खाली असलेली जमीन चिखलाचे बांध आणि ही दारं यांच्या जोरावर शेकडो वर्षं पिकली. पहिले पाऊस मातीतलं मीठ धुऊन नेतात, मग खाऱ्यात तग धरणारं कोरगुट भात पेरायचं. पाणी बाहेर जाताना तोंडाशी जाळं लावलं की सुंगटं, म्हणजे कोळंबी.

आपण गोव्यातले मराठी लिहिणारे कविता भरपूर लिहितो, आठवणीही लिहितो. गाव चालतं कसं, हे मात्र फार कमी लिहितो. बाहेरून येणाऱ्यांनी किनारे लिहिले, आपण आजीचं अंगण लिहिलं. आजीचं अंगण मलाही प्रिय आहे. पण त्या अंगणात भात वाळायचं ते कुठल्या बांधाआडून यायचं, हे आजीला माहीत होतं आणि आपल्या लेखांना माहीत नाही. याचं मला खरंच वाईट वाटतं.

सांग्याचं कुर्डी घ्या. साळावली धरणात गेलेलं गाव, उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वर येतं. दरवर्षी त्याचे फोटो फिरतात, गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं गाव म्हणून दोन ओळी येतात. महादेवाचं देऊळ दगड दगड सोडवून धरणाजवळ पुन्हा उभारलं, तेही कोणीतरी लिहितं. पण ज्यांना वाडे आणि वालकिणी या गावांत वसवलं, त्यांनी नवी जमीन कशी कसली, पहिल्या वर्षी काय पेरलं, हे त्यांच्या दारात बसून विचारून लिहायला हवं. ती पिढी आता म्हातारी झाली आहे.

शब्दही तसेच. मानस, पोंय म्हणजे मानशीआतलं पाण्याचं तळं, पावणी म्हणजे लिलाव. संपादक विचारतात, पुण्याच्या वाचकाला कसं कळणार? कळेल. वस्तू नीट दाखवली तर शब्द आपोआप कळतो. मानशीला 'जलद्वार' म्हटलं की मात्र ती कोणत्याही गावातली होते.

आणि नुसतं ऐकून भागत नाही. आबांनी सांगितलेलं सर्व्हे नंबराशी ताडून पाहिलं, फॉर्म १ आणि १४ हे जमिनीचे उतारे काढले, पणजीच्या सेंट्रल लायब्ररीत दुपारी घालवल्या. बांध राखायचं काम पूर्वी गावची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या गावकारीचं, म्हणजे कोमुनिदादीचं. १९६४चा कूळ कायदा आला, १९७६ला त्यात दुरुस्ती झाली. कुळांना त्यामुळे हक्काची जमीन लाभली, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण बांधांची जबाबदारी कुळांच्या संघटनांवर आली आणि पुष्कळ ठिकाणी ती पेलली गेली नाही. मानशीतले मासे धरायच्या हक्काची पावणी होते. पावणी घेणाऱ्याने भरतीला दारं अडवून उघडी ठेवली की मासळी जास्त मिळते आणि शेत खारं होतं. खाऱ्या शेतात पुढे काही पिकत नाही, मग त्याच्यावर दुसऱ्यांची नजर जाते.

इथे माझी लेखणी अडते. कादंबरी असती तर नाव बदलून मोकळा झालो असतो. आमच्या मानशीची दारं अशी उघडी ठेवणारा माणूस रोज फेरीत भेटतो, त्याची मुलगी माझ्या भाचीच्या वर्गात आहे. त्याच्या डोक्यावर कर्ज होतं, हेही मला माहीत आहे. किती लिहायचं?

गेल्या महिन्यात नवा लेख घेऊन आबांकडे गेलो. त्यांनी पूर्ण ऐकला, दाराचं वाक्य आलं तेव्हा मान हलवली. शेवटच्या भागावर बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "नांव घालूं नाका. पूण शेत खारें जालें तें बरय." नाव नको, पण शेत खारं झालं ते लिही.