व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला पहिल्यांदा जाताना
उत्तराखंडातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्स या राष्ट्रीय उद्यानाच्या ट्रेकवरच्या लेखात कपड्यांची यादी छान दिली आहे, पण तिथे पहिल्यांदा जाणाऱ्यांनी आधी दिवसांचं गणित मांडावं. फुलं भरात असतात ती जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, आणि नेमका तेव्हाच ऋषिकेश ते गोविंदघाट (ट्रेकच्या पायथ्याचं गाव) रस्ता दरडी कोसळून बंद पडतो. परतीच्या तिकिटाआधी दोन दिवस मोकळे ठेवाच! उद्यानात मुक्कामाला परवानगी नाही. राहायचं खाली घांगरिया गावात, तेही ३००० मीटरच्या आसपास. सह्याद्रीत भिजत चालायची आपल्याला सवय असते, पण तिथला पाऊस गारठवून टाकतो. जीन्स नकोच. सॅकच्या आत जाड प्लास्टिकची पिशवी घालून कोरडे मोजे त्यातच ठेवा. नवे बूट आधी इथेच महिनाभर वापरून घ्या. आणि रोख पैसे गोविंदघाटच्या आधीच काढून ठेवा.