टेन्स मशीनने लकव्याची मूठ उघडते का?

नागपुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: लकव्याने मूठ आवळली असेल तर टेन्स मशीन आणा, हाताच्या आतल्या बाजूला पॅड लावा, सोसेल तेवढा करंट रोज दोन तास द्या. २१ दिवसांत हात पहिल्यासारखा, फिजिओची गरज नाही.

‘टेन्स आणा.’ टेन्स हे दुखणं कमी करणारं यंत्र. साध्या टेन्समध्ये करंट मध्ये विश्रांती न देता सलग चालतो. स्नायू हलवायला पल्स (करंटचा एकेक ठोका) २०० ते ३०० मायक्रोसेकंदांची लागते, ३० ते ४० हर्ट्झ म्हणजे सेकंदाला तेवढे ठोके, करंट दोनेक सेकंदांत चढणारा. १० सेकंद चालू, सुरुवातीला २० ते ३० सेकंद बंद. विजेने सगळे तंतू एकदमच ओढले जातात, शरीर त्यांना आळीपाळीने कामाला लावतं. म्हणून सलग करंटने स्नायू लवकर थकतो आणि उरतात नुसत्या मुंग्या.

‘आतल्या बाजूला पॅड.’ सगळ्यात घातक सल्ला हाच. मूठ आवळणारे स्नायू तिथेच असतात, ते आधीच ताठ. पॅड मागच्या बाजूला हवेत: एक कोपराच्या बाहेरच्या हाडाखाली तीन-चार बोटांवर, दुसरा मनगटाच्या वर तेवढ्याच अंतरावर. मनगट उठलं पण बोटं मिटलेलीच राहिली, तर कोपराजवळचा पॅड सेंटिमीटरभर करंगळीच्या बाजूला सरकवा. मनगट करंगळीकडे वळलं तर थोडा अंगठ्याच्या बाजूला परत आणा. अंगठा तळहातातच अडकला तर त्याला वेगळं चॅनल, म्हणजे पॅडची दुसरी जोडी लागते. आपल्याकडच्या मे महिन्यात घामाने पॅडची कड सुटते, करंट उरलेल्या जागेत एकवटतो आणि चटका बसतो. हात धुऊन कोरडा करा, केस कात्रीने कापा. पॅड काढण्याआधी मशीन बंद.

‘सोसेल तेवढा करंट.’ लकव्यात संवेदनाच गेली असेल तर सोसणं कळणार कसं? कातडी भाजते तरी पत्ता लागत नाही. हालचाल दिसली की करंट वाढवणं थांबवा. त्यापुढे करंट आतल्या स्नायूंपर्यंत पसरतो आणि मूठ उलट मिटते. पेसमेकर असेल, त्या हातात रक्ताची गाठ किंवा कॅन्सर असेल तर मशीन लावूच नका. फिट येत असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

‘२१ दिवस.’ अशी मुदत कोणी देऊ शकत नाही. हा करंट स्नायूला नसेमार्फत हलवतो, त्यामुळे अपघातात खांद्याजवळची नसच तुटली असेल तर यातून काही होत नाही. मानेच्या मज्जारज्जूला इजा झालेल्यांसाठी शरीरात बसवायच्या ‘फ्रीहँड’ या करंट देणाऱ्या यंत्राला अमेरिकेत १९९७ साली परवानगी मिळाली. तेही करंट चालू असेपर्यंतच हात चालवायचं.

‘फिजिओ नको.’ पॅडची नेमकी जागा शोधणं हेच तर फिजिओचं काम. नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या फिजिओथेरपी ओपीडीत ती एकदा पेनने आखून घ्या. मग प्रत्येक करंटबरोबर रुग्णाने स्वतः बोटं उघडायचा प्रयत्न करायचा: हात उघडला की संत्र्यावर न्यायचा, करंट थांबला की पकडायचं, पुढच्या करंटला सोडायचं. सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटं पुरे; बोटं उघडणं कमी होऊ लागलं तर वेळ संपायच्या आधीच थांबा.