सहा अंडी आणि माझं चारित्र्य

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर नवं डेलिकटेसन, म्हणजे खास निवडक खाद्यपदार्थांचं दुकान, उघडलंय. पाटीवर खाली बारीक अक्षरांत लिहिलंय, ‘सचोटीने मिळवलेले खाद्यपदार्थ’. म्हणजे मी आजवर खात आलो ते काय चोरीचं होतं?

मला फक्त सहा अंडी हवी होती.

“कुठली?” मालकांनी विचारलं.

कोंबडीची म्हणणार होतो, पण त्यांचा चेहरा बघून गप्प बसलो. त्यांनी एक अंडं उजेडात धरलं. “हा आकडा बघा. युरोपीय संघातली पद्धत आहे. ३ म्हणजे पिंजऱ्यातली कोंबडी, २ म्हणजे शेडमध्ये कोंडलेली, १ म्हणजे बाहेर हिंडणारी आणि ० म्हणजे सेंद्रिय. हे शून्य आहे!” शून्य मिळाल्याबद्दल कुणाचं इतकं कौतुक होताना मी पहिल्यांदाच बघत होतो. मला शाळेत मिळायचं, तेव्हा वडिलांचा सूर निराळा असायचा.

“१ नंबरवालीलासुद्धा बाहेर माणशी... म्हणजे कोंबडीशी ४ चौरस मीटर जागा द्यावी लागते,” मालक म्हणाले. मी मागे वळून पाहिलं. तेवढ्याच जागेत आम्ही नऊ गिऱ्हाईकं उभी होतो, आणि एकाचं कोपर माझ्या बरगडीत होतं.

तेवढ्यात मागच्या बाईंनी पार्मेजानो चीजचा तुकडा उचलला. “शाकाहारी आहात?” मालकांनी हळुवारपणे विचारलं. “हे विरजायला वासराच्या पोटातलं रेनेट लागतं. नियमच आहे तसा.” बाईंनी तुकडा विंचू ठेवावा तसा खाली ठेवला. गेली कित्येक वर्षं त्या पास्त्यावर हेच किसून घालत होत्या, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

मग कॉफीची पाळी. १९८८ साली नेदरलँड्समध्ये न्याय्य व्यापाराचा पहिला शिक्का कॉफीच्याच पुड्यावर लागला, शेतकऱ्याला ठरलेला किमान भाव मिळावा म्हणून. कल्पना उत्तम, मला मनापासून पटली. पण मी सकाळीच बिनशिक्क्याची दोन कप पिऊन आलो होतो. वास येऊ नये म्हणून तोंड मिटून नुसती मान डोलावत राहिलो. पिशवी काढायची वेळ आली तेव्हा तर खिशातली प्लॅस्टिकची खिशातच दाबली आणि अंडी टोपीत घेतली.

पैसे द्यायला गेलो तर गल्ल्यावर कुणी नाही. वाकून पाहिलं. डाळींच्या पोत्यांमागे एक पोरगा उकिडवा बसून घाईघाईने बिस्किटं खात होता, समोरच्या टपरीवरची.

“सकाळपासून उभाय,” तो कुजबुजला. “मालकांना सांगू नका हं.”

“बसायला स्टूल नाही?”

त्याने हनुवटीनेच दाखवलं. स्टुलावर मधाच्या बाटल्या मांडल्या होत्या, आणि पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, ‘आमच्या मधमाश्या आनंदी आहेत’.

त्याने पुडा माझ्यापुढे धरला. मी एक बिस्किट घेतलं. कुठून आलं ते विचारलं नाही.