डीव्हीडीसाठी बिटरेट किती ठेवावा?

चित्रणाची डीव्हीडी बनवण्यावरील लेखात बिटरेट (चित्र व ध्वनीसाठी दर सेकंदाला वापरली जाणारी माहिती) सरसकट सर्वाधिक ठेवावा, असे म्हटले आहे. हा सल्ला तासाभराच्या चित्रणापुरता योग्य आहे. परंतु आमच्या गडचिरोली जिल्ह्यातील वडसा भागात झाडीपट्टीची (पूर्व विदर्भातील लोकरंगभूमीची) नाटके रात्रभर चालतात आणि ते चित्रण जपणाऱ्यांना तो उपयोगी पडत नाही. सिंगल लेयर (एकाच थराच्या) डिस्कमध्ये ४.७ अब्ज बाइट मावतात, म्हणजे दोन तासांसाठी ध्वनी धरून सरासरी सेकंदाला जेमतेम ५ मेगाबिट हाती येतात. अशा वेळी टू-पास व्हीबीआरच (दोन फेऱ्यांत ठरणारा बदलता बिटरेट) वापरावे, कारण त्यात पहिल्या फेरीत संपूर्ण चित्रण तपासले जाते आणि मग नाचगाण्याला जास्त, संथ संवादाला कमी बिट दिले जातात. ध्वनी पीसीएम या असंकुचित स्वरूपाऐवजी सेकंदाला १९२ किलोबिटच्या डॉल्बी डिजिटल या संकुचित स्वरूपात ठेवल्यास सेकंदाला सव्वा मेगाबिटहून अधिक जागा चित्राला मिळते. एवढे करूनही नाटक मावत नसेल, तर कृपया दुसरी डिस्क घ्यावी.

लेखात फील्डच्या (प्रत्येक चित्राच्या एकाआड एक ओळींच्या अर्ध्या भागाच्या) क्रमाचा उल्लेखच नाही, हे मला खटकले. मिनीडीव्ही या कॅमेऱ्याच्या टेपवरील चित्रणात खालचे फील्ड आधी येते. एन्कोडरमध्ये (चित्रण डीव्हीडीच्या स्वरूपात बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) हा क्रम उलटला, तर नाचणाऱ्याचा हात पुढे जाताना मागेपुढे थरथरतो. संगणकावर हा दोष सहसा लक्षात येत नाही, म्हणून पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर पाहूनच प्रती काढाव्यात.