घर जात नाही, व्याज फुगतं

रंकाळ्यावर फेरी झाली की आमच्या कट्ट्यावर चहाच्या आधी मोबाइल निघतात. गेल्या आठवड्यात सगळ्यांकडे एकच फॉरवर्ड: "रिव्हर्स मॉर्गेजच्या नादाला लागू नका. सही केली की घर बँकेचं. मुदत संपली की म्हातारा-म्हातारी रस्त्यावर. पोरांना एक वीट मिळत नाही, वर मिळालेल्या पैशावर टॅक्स." रिव्हर्स मॉर्गेज म्हणजे म्हातारपणी राहतं घर बँकेकडे गहाण ठेवायचं, बँक ठरलेल्या मुदतीपर्यंत दरमहा पैसे देते, आणि कर्ज-व्याजाची वसुली आपल्या माघारी होते. राजारामपुरीतले आमचे एक आप्पा, पेन्शन नाही, पोरगा पुण्यात, याचीच चौकशी करत होते. वाचून म्हणाले, "म्हणजे घर गेलंच की!"

गेलं नाही, आप्पा. गहाण म्हणजे खरेदीखत नव्हे. घर तुमच्याच नावावर राहतं, त्यावर बोजा चढतो. तुमच्या पोराच्या पुण्यातल्या फ्लॅटवरही होमलोनचा बोजा आहे. त्याला कोण घर गेलं म्हणतं? टॅक्सचं तर उलटंच आहे. हे पैसे कर्जाचे, कमाईचे नव्हेत, आणि २००८ सालीच ते आयकरातून वगळले.

आता 'रस्त्यावर' येऊ. मुदत संपली की बँकेचे पैसे यायचे थांबतात, राहणं थांबत नाही. नवरा-बायको दोघं कर्जदार असतील तर मागं राहिलेल्याचा शेवट होईपर्यंत बँक वसुलीला येत नाही. पण इथं फॉरवर्ड लिहिणाऱ्याला एक गोष्ट सापडायला हवी होती, ती सुटली. घरफाळा थकवला, घराचा विमा भरला नाही, डागडुजी सोडली, तर बँक कर्ज परत मागू शकते. सलग वर्षभर घरात कुणी राहिलं नाही तरीही. नातवंडं सांभाळायला पुण्याला जाऊन तिकडंच रमणारे आपल्यात किती आहेत, मोजा. आणि २०१९, २०२१ चा पूर ज्यांच्या उंबऱ्याच्या आत आला, त्यांनी विम्याचा कागद नीट वाचावा.

पोरांना वीट मिळत नाही, हेही खोटं. मागं राहिलेल्यांना पहिला हक्क असतो: कर्ज आणि व्याज भरा, घर ठेवा. नाही जमलं तर बँक घर विकते, आपलं येणं घेते, उरलेलं वारसांना देते. आणि येणं घराच्या किमतीपेक्षा जास्त झालं तरी वरची रक्कम वारसांच्या खिशातून मागता येत नाही.

मग भ्यायचं कशाला? व्याजाला, आणि त्याचा फॉरवर्डमध्ये एक शब्द नाही! समजा महिना १०,००० रुपये, १५ वर्षं, १० टक्के व्याज. हातात पडले १८ लाख. पंधरा वर्षांनी देणं साधारण ४१ लाख. त्यानंतर पैसे बंद, पण व्याज चालूच. आणखी पाच वर्षं जगलात तर ६८ लाखांच्या घरात. हा हिशेब पोराला आधीच दाखवावा, तेराव्याला नव्हे. घर विकून त्याच पैशात छोटा फ्लॅट आणि बँकेत ठेव, हाही पर्याय कागदावर मांडून बघावा. मला स्वतःला ज्याला मूल नाही किंवा ज्याच्या पोराला कोल्हापुरात परतायचंच नाही, त्याच्यासाठी ही योजना बरी वाटते. बाकीच्यांनी घाई करू नये. सही झाल्यावरही विचार बदलायला तीन कामकाजाचे दिवस मिळतात, हे कट्ट्यावर कुणालाच ठाऊक नव्हतं.

खरं तर शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या निम्म्या कट्ट्याला हा प्रश्नच पडायचा नाही. वय ६० पूर्ण हवं, आणि घर स्वतः कमावलेलं, स्वतः राहतं हवं. आजोबांच्या वाड्याच्या प्रॉपर्टी कार्डावर चार चुलत्यांची नावं असतील तर बँक कागद तिथंच परत करते.

आप्पांचं घर त्यांनी स्वतः बांधलंय. सोमवारी ते सिटी सर्व्हेच्या ऑफिसात उतारा काढायला जाणार आहेत. आधी मात्र पुण्याला फोन.